थेट नावानं

शुक्रवारी साडेचारला मी फक्त एक खूण केली.
एक चौकट, तिच्यात एक टिक.
गट: सगळे. परवानगी: नाही.
करायची होती कंत्राटदारांच्या जुन्या बिलांपुरती,
झाली थेट मुळावर,
आणि खाली वारसा चालू होता.
वारसा म्हणजे काय ते या सॉफ्टवेअरला विचारावं:
पणजोबांनी नाक मुरडलं
की पणतूच्या ताटातलं वाढणं बंद.

"सगळे" मध्ये मीही होतो.
हे कळायला चार सेकंद लागले.

पुंता अरेनासला त्या दिवशी वारा असा होता
की कोपऱ्यावरचा दोर धरून माणसं रस्ता ओलांडत होती.
माझ्या खोलीत दोर नव्हता.
सान्तियागोचा मदतकक्ष म्हणाला, सोमवार.
गोदीत "दोन्या इल्दा" सुकाणू उघडं टाकून बसलेली,
आणि फोरमन वुकोविच जिन्यातूनच ओरडत:
मापं दे, निबाल्दो. नुसती मापं.
मापं होती. समोर. पिवळ्या फोल्डरमध्ये.
फोल्डर मला ओळखत नव्हतं.

सहा वर्षं या दारांचा राखणदार मी.
बाराशे फोल्डर, एकतीस गट;
कोणी वाचावं, कोणी खोडावं,
कोणाला नुसतं दिसावं पण उघडू नये.
कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं.
कुंपणच शेताबाहेर राहिल्याचं नाही.

मग आठवला मार्चमधला तपासनिसांचा शेरा, लाल अक्षरांत:
एदेल्मिरा बार्रिएन्तोस. निवृत्त, नऊ वर्षं. खातं चालू.
कुठल्याही गटात नाही, नाव थेट फोल्डरवर.
दोष गंभीर. काढा.
काढतो म्हणालो होतो. राहिलं.
आणि नियम असा
(नव्या पोरांना मीच शिकवतो, फळ्यावर बाण काढून)
की वारशानं आलेल्या नकारापेक्षा
थेट नावानं दिलेला होकार मोठा.

फोनवर ती म्हणाली, पाव भट्टीत आहे, वीस मिनिटं.
जहाज थांबलं.

खाली दारावरच्या पोरानं तिला अडवलं. पास?
एकतीस वर्षं या जिन्याच्या पायऱ्या झिजवलेली बाई.
मी धापा टाकत पोचेपर्यंत त्यानं तिच्या कोटावर
स्टिकर लावलाही होता: पाहुणी.

खुर्ची ओढली, चष्मा पुसला,
कळफलकावर बोटं ठेवून माझ्याकडे बघितलं.
"तोंड फिरव."
मी फिरवलं.
सगळ्या दारांचा मालक खिडकीशी उभा,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
सामुद्रधुनीवर फेसाच्या रेघोट्या.
मागे कळांचा आवाज. अकरा अक्षरं.
मोजली. सवय.

"घे."
फाईलचं नाव तिनंच दिलेलं:
सुकाणू, शेवटचं, खरंच शेवटचं, दोन.
वुकोविच कागद घेऊन पळाला,
आभार मानायचे विसरला.

ती जरा वेळ तशीच बसली,
खालच्या फाईलींची नावं वाचत, ओठ हलवत.
काही उघडलं नाही.
उठताना म्हणाली, "आता काढशील ना मला?"
प्रश्न की सूचना, कळलं नाही.
कोटावरचा स्टिकर सोलून तिनं
माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवला
आणि अंगठ्यानं नीट दाबला.
अंगठ्याला पीठ होतं.

सोमवारी सान्तियागोनं मला माझे हक्क परत केले.
पहिलं काम तेच. तीन क्लिक.
यंत्रानं विचारलं, खात्री आहे?
हो आणि नाही, एवढीच दोन बटणं.
हो.

स्टिकरच्या कडा आता उचलायला लागल्यात.
रोज सकाळी मी त्याच्याच शेजारी
नाव टाकतो, पासवर्ड टाकतो,
आणि आत घेईपर्यंतचा तो एक क्षण
थांबतो.