रंग छान आहेत

थंडर बे, फेब्रुवारी. उणे एकतीस.
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
आमच्या घरात मात्र खुर्च्या कमी पडलेल्या.
तापियोची कार्टून मालिका लागणार होती साडेआठला,
म्हणून मिसेस पेल्तो स्वतःचं स्टूल घेऊन आल्या.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. टीव्ही बघायला!
वेलचीचा पाव मी दुपारीच भाजून ठेवला होता.

सुरू झाली.
एक बीव्हर. त्याची बायको. त्यांचं मोटेल.
बीव्हर घसरला.
हशा पिकला, तो आत, डब्यातला.
बीव्हर परत घसरला.
इकडे हिटर तेवढा कुरकुरत होता.

चौघंही माना पुढे काढून बसलेलो,
बर्फाला भोक पाडून गळाला मासा लागायची वाट बघतात, तसे.
दोरी हललीसुद्धा नाही.

"आता येईल," आत्या म्हणाली.
आली ती जाहिरात.
जाहिरातीतल्या कुत्र्याला बघून मिसेस पेल्तो खुदकन हसल्या
आणि लगेच तोंडावर हात,
चर्चमध्ये शिंक आल्यासारखा.

हा तोच मुलगा बरं का,
आईला पोचवून आल्यावर ज्यानं स्वयंपाकघरात
पाद्रीबाबा आपला बूट कसा शोधतात ते करून दाखवलं होतं:
एक पाय बुटात, दुसरा टेबलाखाली चाचपडतोय,
तोंडानं पुनरुत्थान अखंड चालू.
आणि तीन दिवस न जेवलेले बाबा
सिंकला धरून हसले, हसता हसता खाली बसले,
मग वाडगाभर सूप प्याले.
तेव्हा त्याला कोणी पैसे देत नव्हतं.

जाहिरातींनंतर बीव्हरची सासू आली.
कॉफी ढवळून झाली की
चमचा तीनदा कपाच्या कडेवर आपटणारी.
टण टण टण.
आत्याचा चमचा हवेतच राहिला.
"ही मी आहे का रे?"
कोणी बोललं नाही.
"मी एवढी कंटाळवाणी आहे?"

नावं सरकू लागली. अकरावं त्याचं.
एवढं लांब आडनाव आमचं, दिसलं न दिसलं, गेलं.
बाबांनी तेवढ्यापुरत्या टाळ्या वाजवल्या.

लगेच फोन.
"हसलात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
चाळीस वर्षं बंदरावर गव्हाच्या वाघिणी मोजलेला माणूस,
एकही वाघीण जास्तीची न लिहिलेला.
घसा खाकरला.
"रंग छान आहेत," म्हणाले.

पलीकडे काहीच नाही.
लॉस एंजेलिसमधली कुठलीशी गाडी तेवढी ऐकू आली.
मग स्पीकरवर कोणीतरी घसा खाकरला,
अगदी बाबांसारखा, शेवटच्या त्या खरखरीसकट,
आणि म्हणालं, "रंग छान आहेत."

मिसेस पेल्तोंच्या नाकातून कॉफी आली.
बाबा डोळे पुसत होते. आत्या ओरडली,
"अरे मेल्या, हे घाल की त्यात!"

"घालतो गं. सोळा जण बसतो एका खोलीत,
प्रत्येकजण थोडं थोडं पुसतो.
माझा फक्त चमचा उरला."

आत्यानं कप बशीत ठेवला, आवाज न करता.
दहा वाजता मिसेस पेल्तो निघाल्या,
टोपी, मफलर, दुसरा मफलर.
स्टूल विसरलात, म्हणून मी दारापर्यंत गेले.
"असू दे तिथेच," त्या म्हणाल्या,
"पुढचा मंगळवार आहेच की."