दोन कापांमधला कागद

माझी नायिका चार वर्षं पंधराचीच आहे.
पहिलं प्रकरण लिहिलं तेव्हा इल्वा अकराची होती,
दातांना तारा, आणि हँडबॉलची पिशवी
तिच्याहून थोराड.
आता इल्वाला सोळावं सरत आलंय,
ती नायिकेला मागे टाकून
कधीच पुढच्या वळणाआड गेली,
आणि नायिका अजून धक्क्यावर उभी,
बोट येईना तिची,
कारण मला सवड होईना.

नार्विकमध्ये डिसेंबरात सूर्य उगवत नाही,
म्हणजे पहाट कशाला म्हणायचं ते ज्याच्या त्याच्या हाती.
मी साडेचारला म्हणते.
खाली बंदरात खनिजाची गाडी रिकामी होत असते,
त्या गडगडाटात माझ्या बोटांची टकटक
कुणाची झोप मोडत नाही.
सहाच्या सुमाराला रात्रपाळी करून गाउते येतो.
‘किती झालं?’ असं तो आता विचारत नाही.
गुपचूप कॉफी ठेवतो,
आणि तिथेच घोडं अडतं,
कारण कॉफीपाठोपाठ
मोटारीची बॅटरी येते, त्याच्या आईचा गुडघा येतो,
बुधवारी दंतवैद्याकडे नेणार कोण, हे येतं.
नायिका म्हणते, असू दे, थांबते मी.
थांबायचं कसं
हे तिला माझ्याइतकं कुणी शिकवलं नसेल.

मग डबे.
पावाचा काप, तपकिरी चीज, वर पातळ कागद,
त्यावर पुन्हा काप.
त्या वेळी वही कधीच हाताशी नसते,
कागद असतो.
एकदा तिथेच मला अखेरचं वाक्य सुचलं,
मी ते पेन्सिलीनं खरडलं:
‘तिनं मागे वळून पाहिलं नाही,
कारण मागे वळलं की आई दिसते.’
आणि दिवसभर त्या वाक्यासाठी घर पालथं घातलं.
कचऱ्याचा डबासुद्धा.

संध्याकाळी ब्रागे बर्फाचे बूट न काढताच आत आला.
‘बाईंनी वाचून दाखवलं सगळ्यांना.
मी मागे वळून बघायचं नाही का?’
सात वर्षांचा तो.
त्याच्या मुठीत चिजानं तेलकट झालेला
माझा शेवट.
म्हटलं, तू बघ रे, खुशाल बघ.
मग शाळेच्या फाटकाशी रोज
तो तीनतीनदा वळून हात हलवू लागला,
आणि मला निघायला
रोज दहा मिनिटं उशीर.

शुक्रवारी टाको. सगळ्या गावात शुक्रवारी टाकोच.
जेवण उरकून इल्वाला सरावाला सोडलं,
हॉलबाहेर मोटारीत बसले,
काचेला आतून बर्फ, मांडीवर छापून आणलेलं हस्तलिखित.
एकशे बाराव्या पानावर नायिका ओक्साबोक्शी रडते.
समासात हिरवी शाई,
इल्वाचं तिरपं, घाईतलं अक्षर:

‘असं कुणी रडत नाही.
आधी फोन बघतात.
मग अंघोळीला जातात
आणि पाणी सोडून रडतात.’

हीटर घरघरत होता.
गेला अख्खा हिवाळा
मी न्हाणीघराच्या दारावर थापा मारल्या होत्या,
अगं, टाकीतलं गरम पाणी संपेल,
ब्रागेची अंघोळ राहिलीय,
किती वेळ!

ती आली, गालांवर लाली, केस ओले,
पिशवी मागे फेकली.
पानं बघितली, माझ्याकडे नाही.
मी विचारायला तोंड उघडलं
आणि विचारलं, भूक लागलीय का.
‘थोडी.’
वाटेत बर्फ काढणारं यंत्र पुढे होतं,
त्याच्या पिवळ्या दिव्यामागे आम्ही
बैलगाडीच्या चालीनं घरी आलो,
दोघींपैकी कुणालाच घाई नसल्यासारख्या.

रात्री पुन्हा पाण्याचा आवाज.
गाउते उठू लागला, मी त्याला बसवलं.
ब्रागेला म्हटलं, आज पाय धुतलेस तरी चालेल.
दाराशी गरम केलेला टॉवेल ठेवला,
एकशे बारावं पान फाडलं,
आणि कोऱ्या पानावर
टाकी रिकामी होईपर्यंत
काही लिहिलं नाही.