खेळ

स्टिअरिंगला चार बोटं खेळ होता.
बोराडीच्या वाटेवर जीप उजवीकडे ओढायची
आणि माझे हात, न विचारता,
तिला डावीकडे समजावत राहायचे.

शिरपूरला निंबा मिस्तरीनं
पहार घालून चाक उचकलं.
टाय रॉडचे गोळे दाढेसारखे हलत होते,
शॅकलचे बुश म्हणजे नुसता काळा भुगा.
"इतलावर सातपुडा चढस तू?"

दोन दिवस. रॉकेल, हातोडा, ग्रीस.
एक किंगपिन निघेचना,
तिला आच द्यावी लागली.

संध्याकाळी जीप सुतासारखी सरळ
आणि मी पहिल्याच फर्लांगात
डावीकडे, बाभळीत.

निंबा हसला नाही. काटे उपसत म्हणाला,
"गाडीना खेळ काढा.
तुना हातमा राही गया."

जुना टाय रॉड मागून घेतला.
सीटखाली वाजतो.