एखादा

सोमवार, बुधवार, शुक्रवार
लीड्सच्या डायलिसिस वॉर्डात
माझी खुर्ची खिडकीजवळची.
चार तास रक्त नळीतून बाहेर जातं, परत येतं.
आभाळ बाहेर लोंबतं, न वाळलेल्या चादरीसारखं.

मांडीवर वही. अब्बांनी दापोलीत सुरू केलेला
आणि चौथ्या पानावर टाकलेला तर्जुमा
मी पुढे नेतेय. म्हणजे
तीन आठवडे एकाच शब्दावर अडलेय.
अहद.
‘एक’ लिहावं, तर मागून दोन येऊन उभा राहतो.
‘एकटा’ लिहिलं आणि त्याची कीव आली.
‘एकुलता’, छे! त्याला आई लागते, बाप लागतो,
तिथं नेमकं तेच नाकारलंय.
‘एकमेव’ म्हटलं की बाजारातली पाटी दिसते :
आमची कुठेही शाखा नाही.

‘एवढं काय खोडताय, मिसेस परकार?’
शेजारचे ब्रॉडस्की. जन्मभर कोटांना अस्तर लावलं त्यांनी.
सांगितलं.
डोळे मिटून म्हणाले, आमच्याकडे झोपताना म्हणायचे,
शेवटचा शब्द लांबवायचा, श्वास पुरेल तेवढा :
एखाऽऽद.

मी दचकले.
माझ्या भाषेत हा शब्द आहे, पण पार उलटा.
एखादा म्हणजे कुणीही. एखादा वाटसरू,
दारावर आलेला एखादा,
खिडकीजवळची एखादी बाई.
ते इतके हसले की मशीन कोकललं
आणि नर्स धावत आली.

मदरशात शिकवलं होतं,
नवी किताब आली, जुन्या रद्द,
बाद झालेल्या नोटांसारख्या.
आयतीत मात्र तसं नाही. तिथं आहे :
आधीच्याला खरं म्हणणारी, त्यावर राखण करणारी.
आमच्या आगरात राखणदार असे.
त्यानं कधी झाडं तोडली नाहीत.

रक्ताची, गाळणीची एक उपमा सुचत होती.
लिहिली नाही.
गाळणी कोण आणि मळ कोण, हे मी ठरवणार?

शब्दापुरती जागा कोरी ठेवली
आणि खालच्या ओळीवर आले.
समद. भरीव. आत पोकळी नसलेला,
ज्याला कशाचीच गरज नाही.
वर पाहिलं :
अकरा खुर्च्या, अकरा दंड, नळ्या,
भिंतीत घुसलेल्या अकरा वायरी,
झोपलेल्या ब्रॉडस्कींच्या गुडघ्यावरून घसरणारं ब्लँकेट.

ही ओळ लगेच जमली.
मग मोकळ्या हातानं ब्लँकेट वर ओढलं,
पोचला तेवढा हात.