मागच्यानंतर

पालटायला दोन सेकंद, हे मीच ठरवलंय.
तेवढ्यात जुनी स्लाइड विरते
आणि नवीवर मामातलाव येतो,
पाळ फुटलेला, बेशरमाच्या झुडपांनी गच्च.
तोवर एकही ओळ हलत नाही.
जागा अजून मोकळी झालेली नाही, हे ओळींना कळतं.

मग पहिली: गाळ किती.
तिच्यानंतर दुसरी: गेट कधीपासून गंजलंय.
सातवीपर्यंत सगळ्या डावीकडून,
धुऱ्यावरून एकामागे एक चालत आल्यासारख्या.

स्लाइडला सांगितलं होतं, पाच सेकंदांत नीघ.
उद्या सिंदेवाहीला साहेबांसमोर
आम्हाला चारच मिनिटं.
ती निघत नाही.
पाच झाले, आठ झाले,
सातवी ओळ वाटेत आहे आणि स्लाइड थांबून आहे.
पाचाचे तीन केले. तरी तसंच.
मी टेबलावर हात आपटला,
शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर हलला,
तलाव भिंतीवर तिरपा झाला.

डोमाजी सोनुले, ग्रामपंचायतीचा चपराशी,
दारात खर्रा घोटत उभा.
एकतीस सीझन वडशाच्या नाटक कंपनीत पडदा ओढलेला माणूस.
"बराबर तं करून राह्यली ते.
पडदा पुरा सरकल्याबिगर पात्र सोडाचं नाही.
अन् पात्राचं झाल्याबिगर पडदा पाडाचा नाही."

थोडं थांबून:
"एक डाव पाडला मी. पहाटचे चार, डोळा लागला.
खेमराजले अख्ख्या रातीत एकच वाक्य होतं,
महाराज, नदीले पूर आला.
तो पडद्यामांग उभा राहून बोलला, पोरी.
पडद्याले."

मी सातवी ओळ पुन्हा वाचली.
ढिवरांची सोळा घरं, बारा वर्षं जाळी कोरडी.
तिला शेवटी मीच टाकलं होतं,
वेळ संपला तर गाळता यावी म्हणून.

अकरा वाजता पालट काढला,
ओळी क्लिकवर ठेवल्या.
सातवी वर घेतली. पुन्हा खाली नेली,
गाळ सांगितल्याशिवाय ती कळत नाही.

डोमाजीनं स्पेसबारवर बोट ठेवलं,
दोर धरल्यासारखा अंगठा आत वळवून.
"दाबू?"
दाब, म्हटलं.
तरी तो दारापलीकडच्या अंधारात बघत राहिला,
कोणी यायचं राहिलंय का.