पकड

घुबडाच्या डोळ्यांवर टॉवेल.
शिगेनोबाईंनी पाय उलटा करून धरला:
"तळवा घ्या आधी. नखं काय, सगळेच काढतात."

लेन्स इतकी जवळ, की श्वासानं काच धुरकटते.
तळव्यावर काटेच काटे, नारळाच्या खवणीसारखे;
निसटता मासा इथेच अडतो.
दोन काट्यांमध्ये एक खवला,
सकाळच्या ट्राउटचा, अजून ओला.
मधल्या बोटाचं नख
विजेच्या तारेनं जळून अर्ध्यातच थांबलेलं.

बाहेर कुशिरोची दलदल, उणे चौदा.

तिसऱ्या फोटोला पाय मिटला,
हातमोज्यासकट त्यांचा अंगठा आत.
मी कॅमेरा ठेवून पुढे झालो.
"ओढू नका. ओढलं की आवळतं ते."
मग त्या बोलत राहिल्या,
घुबडाशी की माझ्याशी, कोण जाणे:
गोठलेला नळ,
मुलाच्या साप्पोरोतल्या खोलीचं भाडं,
यंदा मुळा कसा कडू निघाला.

मुळ्यापाशी नखं सैल झाली.

तिसरा फोटो छान आलाय. काटा न् काटा मोजता येतो.
संपादक म्हणतात, फक्त तेवढा अंगठा कापा.
तीन दिवस झाले,
मी उत्तर दिलेलं नाही.