वाकातलं पाणी

मझिया, आधी वासाचं सांगते.
फोनवर तू विचारलंस, "बाकी काय?"
मी म्हणाले, "काही नाही."
ते खोटं होतं.

जुलैत सुरू झाला.
मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा गिवी,
त्याची मांजरं, त्याचे पाइप, त्याचं सगळंच.
जिन्यात गाठून सुनावलं त्याला.
बिचाऱ्यानं आपली न्हाणी घासून पांढरी केली
आणि मला हुंगायला वर बोलावलं.
साबणाचा वास होता. मी मान खाली घालून उतरले.

वास आपल्याच घरात होता.
तुझ्या न्हाणीत,
बाबांनी बाल्कनी पुढे ओढून बांधलेल्या,
तिबिलिसीत वीज नसायची त्या हिवाळ्यात,
मेणबत्तीशी बसून लावलेल्या फरश्या:
निळ्या कमी पडल्या म्हणून हिरव्या,
हिरव्या संपल्या म्हणून पाडलेल्या शाळेतल्या तपकिरी.
"पोरगी मोठी होतेय," म्हणाले, "तिला तिचं दार हवं."

मग माझे उपाय.
लिंबाच्या साली. कॉफीचा चोथा बशीत.
काखेतीहून आलेली वाइन, प्यायला कुणी नाही
म्हणून आपोआप व्हिनेगर झालेली, ती ओतली,
वर खाण्याचा सोडा:
फसफसलं तुझ्या बाबांच्या रागासारखं,
आवाज मोठा, मग काहीच नाही.
शेजारची त्सियाला म्हणाली, तमालपत्र जाळ.
जाळलं. घरभर गटारात शिजवलेल्या रश्श्याचा वास.
शेवटी दार लावून फटीत टॉवेल कोंबला
आणि रात्री दोनला उठून पुन्हा काढला.
तुझ्या दाराला टॉवेल कोंबलेला
बघवेना.

जुंबेर आला, तोच प्लंबर, आता एका कानानं बहिरा.
पिशवी उघडलीच नाही.
उकिडवा बसला, खरबूज हुंगावं तशी जाळी हुंगली,
विचारलं, "इथं आंघोळ कोण करतं?"

"मुलगी."

"शेवटची कधी?"

मी बोटं मोजली.
बारीला जाऊन तुला सहा वर्षं.
मधे एकदा आलीस, ईस्टरला, दहा दिवस.
तिथं तू एका म्हातारीला रोज न्हाऊ घालतेस,
तिला पाणी किती कोमट लागतं ते मला पाठ आहे.
"चार वर्षं," मी म्हणाले.

"मग आजवर पाणी कुठलं यायचं?"

"वॉशिंग मशीनचं. मे महिन्यात बंद पडलं."
हेही तुला सांगणार नव्हते.
पैसे पाठवू नकोस.

तो म्हणाला, पाइप खाली जाताना
गळ्यासारखा वळतो.
त्या वाकात ओंजळभर पाणी थांबतं.
तेच दार. पलीकडे अख्ख्या शहराचं गटार उभं असतं.
माणसं नांदतात तोवर दार आपसूक भरलेलं.
नाही नांदली,
की उन्हाळा ते घोट घोट पिऊन टाकतो.

किटलीभर पाणी ओतलं त्यानं.
गुडगुड. एक ढेकर. शांत.
नळ हातभरावर होता, मझिया,
आणि मी महिनाभर बाजार पालथा घातला.

पैसे घेतले नाहीत. खिसा भरून आलुबुखार घेतले.
पायरी उतरता उतरता ओरडला,
बहिरी माणसं ओरडतात तसा,
"वरून चमचाभर तेल सोड! पाणी लवकर उडत नाही!"
सगळ्या जिन्याला कळलं.

तर आता दर रविवारी,
चर्चमधून आल्यावर, डोक्याचा रुमालही न सोडता,
एक जग पाणी, एक चमचा सूर्यफुलाचं तेल.
गुडगुड होते ती ऐकते.
कुणी आत आहे असं वाटतं, क्षणभरच.
वय झालंय माझं, वेड नाही लागलेलं.
मग बटाटे सोलायला घेते.

गिवीला आलुबुखाराची पोळी वाळवून दिली.
काही बोलला नाही,
पण त्याचं करडं मांजर हल्ली आपल्या खिडकीत झोपतं.

तू येशील तेव्हा,
तारीख विचारत नाहीये,
जाळी उचललीस तर आत पिवळा तवंग दिसेल,
नाण्याएवढा.
घाण समजून घासू नकोस.
आधी नळ सोड, भरपूर,
आणि गरम पाण्याला वेळ लागतो, हे विसरली असशील.